रोथेनबुर्गच्या जुन्या हॉटेलात चार रात्री? राहा, पण दोनच

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलगा जर्मनीत एर्लांगेनला एमएस करतोय, मे महिन्यात तुम्ही दोघं त्याला भेटायला जाताय, लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून तिकडच्याच रोथेनबुर्ग या तटबंदीच्या जुन्या गावात, तटाच्या आतल्या एका जुन्या हॉटेलात चार रात्री राहायचं तुमच्या मनात आहे, दर रात्रीला १९० युरो, आणि मिस्टर म्हणतायत की झोपायलाच तर जायचंय, एवढे कशाला घालवायचे. आरडीचे ३ लाख ४० हजार आलेत, त्यातले २ लाख ८० हजार तिकिटं, व्हिसा, इन्शुरन्स, खाण्यापिण्यात जाणार, उरतात ६० हजार. कमी पडतील ते मुलाच्या दुसऱ्या वर्षाच्या पैशातून घेऊ का एसआयपी दोन महिने थांबवू, असं विचारलंय.

आधी आकडा नीट मांडू. चार रात्रींचे ७६० युरो, युरो १०५ धरला तर ७९,८०० रुपये. पण हे एवढ्यावर थांबत नाही. साध्या क्रेडिट कार्डाने भरलंत तर बऱ्याच बँका परकीय चलनासाठी साडेतीन टक्के जादा आकार, म्हणजे मार्कअप, लावतात, त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे वरचे सव्वातीन हजार. एकूण ८३ हजार. तुमच्याकडे ६०. तूट २३ हजारांची.

आता हे २३ हजार मुलाच्या पैशातून घ्यायचं डोक्यातून काढूनच टाका. त्याचा ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरावीकच काढायचे, असं खातं) वर्षाला ११,९०४ युरोचा, महिन्याला ९९२. तिकडे राहायचं परमिट वाढवताना पुन्हा पैसे दाखवायला लागतात आणि तो आकडा युरोत आहे, त्यासाठीची तुमची एफडी रुपयात. २०२५च्या सुरवातीला युरो नव्वदच्या आसपास होता, वर्ष संपेपर्यंत शंभर ओलांडून गेला. नव्वदचे एकशे पाच झाले की ११,९०४ युरोमागे पावणेदोन लाखांहून जास्त रुपये वाढतात, आणि तेही एकही युरो जास्त न मिळता. ज्या डब्याला खालून आधीच भोक आहे त्यातून वरून पण चमचा घालायचा नाही. एसआयपीचं तेवढं मोठं पाप नाही, दोन महिने थांबली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण माझा अनुभव असा की थांबवलेली एसआयपी परत चालू करायला लोकांना दोन महिन्यांचे आठ महिने लागतात. तुम्ही अपवाद असालही.

मग मिस्टरांचं बरोबर का? अर्धंच. कारण रोथेनबुर्ग हे गाव दिवसा बघितलं तर निम्मंच दिसतं. दिवसभर बसेस भरभरून पर्यटक येतात, मार्केट चौकात आणि त्या प्ल्योनलाइनच्या दुफाट्यावर फोटोसाठी रांगा, आणि संध्याकाळी बसेस गेल्या की गाव एकदम रिकामं होतं. रात्री कंदील घेतलेला पहारेकरी लोकांना गल्ल्यांतून फिरवत गोष्टी सांगतो, सकाळी लवकर उठून तटावरच्या छपराखालून चालायला जा, एक पैसा लागत नाही. हे तटाच्या आत मुक्काम करणाऱ्यालाच निवांत मिळतं, त्याचेच ते १९० युरो. पण पहिल्या रात्री ते मिळालं, दुसऱ्या रात्री त्याची चव घेतली, तिसऱ्या-चौथ्या रात्री तुम्ही खरंच नुसत्या गादीचे पैसे देताय. तिथे मिस्टर जिंकले.

म्हणून दोन रात्री तिथे, ३८० युरो, ३९,९०० रुपये. उरलेल्या दोन रात्री एर्लांगेनला मुलाजवळ साधं पेन्शन बघा (आपल्याकडचं निवृत्तिवेतन नव्हे हो, तिकडे घरगुती लॉजला पेन्शन म्हणतात), ८५ युरोच्या आसपास मिळालं तर १७,८५०. बेरीज ५७,७५०. साठात बसतं, कुठलीही एफडी न मोडता. मार्कअप नसलेलं फॉरेक्स कार्ड घेतलंत तरच बसतं हे मात्र लक्षात ठेवा, आणि तिकडे मशीनने रुपयात भरायचं का युरोत असं विचारलं तर युरोच दाबा, रुपयात दाबलं की रेट त्यांच्या मर्जीचा.

शक्य असेल तर शनिवार टाळून मंगळवार-बुधवार विचारा, दर उतरलेला मिळू शकतो. मुलाला सोबत घ्या आणि बायर्न-तिकीट काढा, एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर लोकल आणि रिजनल गाड्या चालतात, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतरच. न्यूर्नबर्ग, आन्सबाख करत जायचं आणि श्टाइनाखला गाडी बदलायची. मग तर सुटकेस हलकीच न्या.

सुटकेसवरून आठवलं. हॉटेलला मेल टाकून विचारा, लिफ्ट आहे का, खोली कितव्या मजल्यावर. संरक्षित जुन्या वास्तूत लिफ्ट बसवणं सहजासहजी होत नाही. मी स्वतः असल्याच एका गावात २३ किलोची बॅग घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलोय, जिना इतका अरुंद की बॅग पुढे, मी मागे, वर पोचता पोचता तुळई कपाळावर, आणि बायको खाली उभी राहून हसतेय. तुम्ही गुडघ्याचं लिहिलंय म्हणून सांगतोय. इमारत किती जुनी तेही विचारा. ३१ मार्च १९४५ला झालेल्या बॉम्बिंगमध्ये गावाचा पूर्वेकडचा भाग उद्ध्वस्त झाला होता आणि नंतर तो जुन्या धाटणीतच पुन्हा बांधला, तटाच्या दुरुस्तीला तर जगभरातून देणग्या आल्या, त्या देणगीदारांची नावं तटाच्या दगडांवर कोरलेली दिसतात, जपानीसुद्धा. वाईट काही नाही त्यात, पण सहाशे वर्षं जुन्या घराचा दर देऊन १९५०च्या घरात झोपायचं असेल तर निदान माहीत असावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉन-रिफंडेबल घेऊ नका. त्यात दहा टक्के सुटतात म्हणताय, म्हणजे दोन रात्रींचे ३८ युरो, चार हजार रुपये. तुमचा व्हिसा अजून यायचाय. व्हिसाची फी माणशी ९० युरो, ती नाकारलं तरी परत मिळत नाही, त्यात हॉटेलचे पैसे पण अडकले तर? अर्जाला राहण्याच्या सोयीचा पुरावा जोडावा लागतो, त्यासाठी हॉटेलचं बुकिंग जोडाल ते कॅन्सल करता येणारंच जोडा. कॅन्सलेशनची शेवटची तारीख बघा आणि तिच्या चार दिवस आधीचा अलार्म मिस्टरांच्या फोनमध्ये लावा, तुमच्या नको, तुम्ही तो वाजला तरी बंद करून टाकाल.