घरामागे छोटं तळं करायचंय. सिमेंटचं करू की कागदाचं, आणि खोली किती ठेवू?

कागदाचंच करा, म्हणजे शेततळ्यात अंथरतात त्या जाड प्लास्टिकच्या कागदाचं. जमीन काळी असेल तर सिमेंटचं नावही काढू नका. यावरून दादाचं नि माझं अजून वाजतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव मिरजेकडं. जमीन काळीभोर, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मी परसात खड्डा घेतला तेव्हा दादा म्हणाला, कागद किती दिवस टिकणार, गवंडी बोलाव आणि पक्कं काम कर. मी ऐकलं नाही. मग त्यानं स्वतःच्या दारात हौद बांधला, सळई घातली, वॉटरप्रूफिंग केलं, आणि मे महिन्यात खालची माती आकसली तसा कोपऱ्यातून तिरका तडा गेला. तो भरला तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारून नवा. जमीनच हलते तिथं गवंडी काय करणार? कागद जमिनीबरोबर बसतो, सरकतो. दादा अजून म्हणतो माल कमी पडला. माल कमी नव्हता, मी उभा होतो तिथं.

माझ्याकडं शेततळ्याचाच 500 मायक्रॉनचा कागद आहे. खड्ड्यातले खडे नि मुळ्या हातानं वेचल्या, खाली दोन इंच बारीक वाळू, वर जुन्या चादरी, मग कागद. माप असं, लांबीत खोलीची दुप्पट मिळवा आणि वर दोन फूट, रुंदीलाही तेच, म्हणजे 10 बाय 6 चं 3 फूट खोल तळं असेल तर कागद 18 बाय 14. काठ पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हलला घ्या, नाहीतर एकीकडं पाणी सांडतं नि दुसरीकडं कागद उघडा पडतो, आणि उन्हानं कागद जातो तो तिथूनच.

मधे अडीच-तीन फूट खोली पुरे, कडेनं फूटभर खोलीची पायरी ठेवा कुंड्यांसाठी. झाडाखाली खणू नका, पाला कुजून पाणी वास मारतं आणि कमळाला ऊन लागतंच. डासांवरून घरचे अडवतील, पाणी भरलं की लगेच गप्पी मासे सोडा, अळ्या खाऊन टाकतात. फक्त ते ओढ्यात जाऊ देऊ नका, तिथल्या माशांना जड जातं.

हां, पावसात तुमच्याकडं जमिनीतलं पाणी वर येत असेल तर ते कागदाखाली शिरून कागद वर उचलतं, तिथं माझं गणित चालणार नाही. आणि घरात रांगतं मूल असेल तर आत्ता खणूच नका, जाळीच्या भरवशावर तर अजिबात नको.