ट्रकचं सोपं आहे, पैसे काढायचे तेवढे थांबवा

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ राहतो. माझं वय ६१, पत्नी ५८. पगार वर्षाला १ लाख ३० हजार डॉलर, घरात कमावता मी एकटाच. डिसेंबरअखेर नोकरी सोडून फिफ्थ-व्हील ट्रेलर (पिकअपच्या पाठीवर जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन दोघं देश फिरणार. ट्रेलर (पूर्ण भरल्यावर १४,००० पौंड) आणि पिकअप मिळून दीड लाख. कर्ज नको, म्हणून याच महिन्यात ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून काढतोय. आरोग्य विम्याला कोब्रा (नोकरी सुटल्यावरही कंपनीचाच विमा चालू ठेवायची सोय), पुढे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहेच. पाच वर्षांनी ट्रेलर विकू, फार तूट येणार नाही. पिकअप फोर्डची एफ-२५० डिझेल घ्यावी की तिच्यापेक्षा दणकट एफ-३५०? डीलर म्हणतो, २५० आरामात ओढेल.

उत्तर: एफ-३५०. ओढेल हो, पण प्रश्न ओढण्याचा नाहीच. फिफ्थ-व्हीलचा पुढचा भार थेट ट्रकच्या पाठीवर बसतो. १४,००० चे वीस-बावीस टक्के धरा, ३,००० पौंड झाले. हिच (जोडणीचा सांधा) आणि तुम्ही दोघं मिळून आणखी ५००. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा; ट्रक स्वतःवर किती भार पेलू शकतो ते तिथे लिहिलेलं असतं. एफ-२५० डिझेलवर तो आकडा बरेचदा अडीच हजाराच्या आसपास असतो. ३५० घेतानाही त्याच गाडीचं स्टिकर बघा, ब्रोशर नको.

आता न विचारलेलं. दीड लाख मागाल तर हातात १ लाख २० हजारच येतील, कारण वीस टक्के कर जागेवरच कापला जातो. पगार चालू असताना सगळा कर भरून दीड लाख खरोखर हाती हवे असतील, तर सुमारे १ लाख ९५ हजार काढावे लागतील. म्हणजे ४५ हजार केंद्राच्या करात. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, तेवढंच नशीब. हेच पैसे जानेवारीत, पगार बंद झाल्यावर काढलेत तर अखेरच्या हिशोबात १ लाख ७० हजारांत भागेल आणि कर २० हजारांच्या आसपास (जागेवर कापलेला जादा कर विवरणपत्र भरल्यावर परत येतो). थोडं थांबण्याचे २५ हजार डॉलर! कर्ज टाळायच्या नादात तुम्ही व्याजापेक्षा महाग सौदा करताय.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही एका वाक्यात उडवलीत. कोब्रा साधारण १८ महिने चालतं, आणि कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के. तुम्ही तेव्हा साडेबासष्टचे, पत्नी साडेएकोणसाठच्या. मेडिकेअर ६५ ला, आणि ज्याचं त्याला; तुमच्या कार्डावर त्यांना काही मिळत नाही. त्यांची साडेपाच वर्षं उघडी पडतात. मार्केटप्लेसवर (स्वतःचा विमा स्वतः घ्यायचा सरकारी बाजार) विनासवलत दोघांचे महिना दोन हजार सहज जातील. तिथल्या हप्त्यावरची वाढीव सरकारी सवलत २०२५ अखेर संपली. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाचं उत्पन्न ८४,६०० च्या वर गेलं की सवलत शून्य. म्हणून मोठी रक्कम कोब्राच्या पहिल्या वर्षातच काढा, नंतरची वर्षं त्या मर्यादेच्या आत ठेवा. शिवाय टेक्सासमधल्या बहुतेक प्लॅनचे डॉक्टर ठरावीक भागातले. कोलोरॅडोत गुडघा दुखला तर इमर्जन्सीशिवाय बिल तुमचंच. वर्षभर फिरणाऱ्यांनी हे आधी विचारायचं असतं, ट्रकचा रंग नंतर.

पाच वर्षांनी ट्रेलरचे निम्मे आले तरी खूप झालं. नवा घेऊच नका. दोन-तीन वर्षं जुना बघा, पहिली मोठी घसरण दुसऱ्याने सोसलेली असते. फायनान्सच्या खोलीत एक्स्टेंडेड वॉरंटी पुढे सरकवतील, तिला सरळ नाही म्हणा. आणि डीलरला अनामत दिली नसेल, तर जानेवारीपर्यंत देऊ नका.