वाचक विचारतात: पायाने दाबायचा स्टँड, थांबवलेले हप्ते आणि कापडाच्या पन्ह्याचं गणित

2020 च्या दिवाळीच्या तोंडावर, करोनाच्या साथीत आलेल्या पत्रांत दोनच विषय ठळक होते: घरबसल्या चार पैसे कसे मिळतील आणि आहे ते कसं पुरेल. पत्रं थोडी कापून छापली आहेत, योजना, मुदती आणि दर त्या वेळचे आहेत. काम आणि पैसा आम्ही वेगळे काढलेले नाहीत, कारण पत्र लिहिणाऱ्यांच्या घरात ते वेगळे नाहीत.

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनला होतो, मे महिन्यापासून काम आठवड्यातून तीनच दिवस. घरी वेल्डिंग मशीन आहे. सॅनिटायझरचे पायाने दाबायचे स्टँड करून दुकानांना देतोय. पाचपैकी तीन परत आले, दोघांच्या बाटलीचे पंप मोडले आणि एकाचा पंप वर येत नाही. ऑर्डर वाढेल म्हणून कटिंग मशीन हप्त्याने घ्यावं का? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर: पंप का मोडतो ते आधी पाहू. साध्या अर्धा लिटरच्या बाटलीचा पंप जेमतेम 15 ते 20 मिलिमीटर खाली जातो. पाय मात्र सहज 50 मिलिमीटर दाबतो, तोही अंगाच्या वजनानिशी. तुम्ही पाठवलेल्या चित्रात उभा रॉड पेडलच्या पुढच्या टोकाला, पाय पडतो तिथेच जोडलेला दिसतो. त्यामुळे पायाची सगळी चाल आणि सगळा जोर थेट प्लॅस्टिकच्या नळीवर येतो. ती मोडणारच.

पेडलला 25 बाय 5 ची सुमारे 300 मिलिमीटर लांब पट्टी घ्या आणि मागच्या टोकाला 10 एमएम बोल्टवर फिरती ठेवा. या बोल्टपासून पाय पडण्याची जागा 240 मिलिमीटरवर आणि रॉडचं भोक 80 मिलिमीटरवर ठेवा. तिनास एक असं प्रमाण झालं, म्हणजे पाय 50 दाबला तरी रॉड 16-17 मिलिमीटरच खाली येईल. जोर मात्र तिप्पट होतो हे विसरू नका, म्हणून पेडलखाली ते अडवणारा टेकू हवाच. बेसच्या पट्टीला नट वेल्ड करून त्यात 8 एमएम बोल्ट उभा फिरवा आणि लॉकनटने पक्का करा. पंप पूर्ण दबायला एक-दोन मिलिमीटर बाकी असतानाच पेडल बोल्टच्या डोक्यावर टेकलं पाहिजे. मग कुणी लाथ मारली तरी जोर बेसवर जाईल, पंपावर नाही.

पंप मोडायचं दुसरं कारण वाकडा दाब. वरचा हात (पंप दाबणारी आडवी पट्टी) रॉडला फक्त टोकाला वेल्ड केला असेल तर तो डावी-उजवीकडे फिरतो आणि पंपाचं डोकं तिरकं ढकलतो. उभ्या पाइपला दोन ठिकाणी, साधारण 200 मिलिमीटर अंतराने, छोट्या नळीचे तुकडे मार्गदर्शक म्हणून लावा आणि रॉड त्यांतून सोडा. रॉड गोल असल्याने तो जागच्या जागी फिरेल, त्यासाठी वरचा हात उभ्या पाइपमधल्या खाचेतून बाहेर काढा. हाताच्या टोकाला पंपाच्या डोक्याएवढी सपाट चकती आणि तिला जुन्या ट्यूबचा रबर लावा.

पंप वर न येण्याचं कारण सोपं आहे. पंपातली स्प्रिंग फक्त पंपाचं डोकं उचलण्यापुरती असते, तुमचा रॉड, हात आणि पेडल तिला पेलत नाहीत. पेडल आणि उभा पाइप यांच्यामध्ये वेगळी ओढस्प्रिंग लावा. बाटली काढून ठेवली तरी पेडल आपोआप वर गेलं पाहिजे, एवढी ती ताठ हवी. कमजोर स्प्रिंगने पंप अर्धवट दबलेलाच राहतो, पुढच्या माणसाला दोन थेंब मिळतात आणि तो तीनदा लाथ मारतो.

सांगाड्याला 25 बाय 25 चा 18 गेजचा चौकोनी पाइप पुरे. मीटरला वजन 900 ग्रॅमच्या आसपास बसतं. अडीच एमएमचा वेल्डिंग रॉड 60-70 अँपिअरवर चालवा आणि एका दमात न ओढता टाके मारत या, नाहीतर पाइपला भोक पडेल. मशीन घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या प्लगवर किंवा पंख्याच्या एक्स्टेंशन बोर्डवर कदापि लावू नका. 16 अँपिअरचा प्लग आणि त्याला 4 चौरस एमएमची वायर असू द्या.

आता उंचीचं. साडेतीन फुटांवर नळीचं तोंड मोठ्यांना सोयीचं असतं, पण लहान पोराचे डोळे जवळपास त्याच उंचीवर येतात. गोठलेल्या जेलने तोंड अर्धं बुजलं की फवारा सरळ समोर उडतो. तोंड खालीच वळलेलं ठेवा, पुढे पत्र्याचा आडोसा लावा आणि दुकानदाराला रोज ते तोंड गरम पाण्याने पुसायला सांगा. थेंब पडतात तिथला साधा इनॅमल रंग स्पिरिटने उकलतो, तिथे स्टीलची ताटली बसवा. आणि भरलेली बाटली जवळ ठेवून वेल्डिंग वा ग्राइंडिंग करू नका. स्पिरिटची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही.

कटिंग मशीनचं उत्तर नाही असं आहे. या स्टँडची मागणी साथीबरोबर ओसरेल आणि मशीनचा हप्ता मागे राहील. महिन्याला दहा-पंधरा स्टँडचा पाइप हॅकसॉने कापून होतो. माल घेण्यापुरती अर्धी रक्कम आगाऊ मागा, जो देत नाही त्याचं काम धरू नका. फेब्रुवारीत बेदाण्याचा हंगाम लागतो. त्याआधी तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या शेडमालकांना रॅकच्या डागडुजीचं विचारून ठेवा. ते काम साथ गेली तरी राहणार आहे.

प्रश्न: घरकर्जाचे हप्ते मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने थांबवले. चार लाख बाकी होते, व्याज 10 टक्के, 8,499 चे 60 हप्ते उरले होते. पगार अजून पूर्ण नाही, हप्त्याला महिन्याला दीड हजार कमी पडतात. सरकार व्याज माफ करतंय असं ऐकलं, ते खरं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: 2020 मध्ये माफ झालं ते व्याजावरचं व्याज. व्याज माफ झालेलं नाही. तुमच्याच आकड्यांवर पाहू. सहा महिन्यांचं सरळ व्याज 20,000 रुपये होतं, चक्रवाढीने ते 20,421 होतं. वरचे सुमारे 421 रुपये सरकार देणार होतं, ते 5 नोव्हेंबर 2020 पर्यंत खात्यात जमा व्हायचे होते. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला, हप्ते भरले असोत वा नसोत, ही रक्कम मिळत होती. अर्ज लागत नव्हता. अर्ज भरून देतो म्हणून फोन करणाऱ्याला ओटीपी सांगू नका.

उरलेले 20,000 मुद्दलात मिळाले. हप्ता तोच ठेवला तर 60 ऐवजी 64 हप्ते होतात, म्हणजे शेवटी सुमारे 34 हजार जादा. हे कळून तुम्हाला वाईट वाटेल, पण मार्चमध्ये घरात पैसाच नव्हता तर हप्ता थांबवणं चूक नव्हतं.

पुढचं ठरवायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2020 मधल्या योजनेत कर्जाची फेररचना, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करणं, मागता येत होती. 1 मार्च 2020 ला थकबाकी 30 दिवसांपेक्षा जास्त नसावी आणि 31 डिसेंबर 2020 च्या आत फेररचना मंजुरीला लागावी, अशी अट होती. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं वाढत होती. तुमच्या बाबतीत 84 हप्ते धरले तर हप्ता 6,970 च्या आसपास येतो, म्हणजे नेमके कमी पडणारे दीड हजार वाचतात. पण शेवटापर्यंत सुमारे 42 हजार जास्त जातात आणि पत अहवालात फेररचनेची नोंद राहते.

म्हणून आधी स्वतःला विचारा, की पगार कधी पूर्ववत होईल? मार्चपर्यंत होणार असेल तर तूट फार तर नऊ-दहा हजारांची आहे. ती भरायला त्या वेळी पीएफमधून कोविडची आगाऊ उचल मिळत होती. तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा खात्यातल्या शिलकीच्या 75 टक्के, यांत जे कमी ती उचलीची मर्यादा होती आणि पैसे परत भरावे लागत नव्हते. मर्यादा होती म्हणून सगळे काढायचे नाहीत, तुटीपुरतेच घ्यायचे. आणि नोकरीचीच खात्री नसेल, तर मात्र फेररचना मागा. हप्ता चुकण्यापेक्षा ती बरी. व्याज बदलतं असेल तर पुढे हातात पैसे आल्यावर मुदतीआधी भरायला दंड लागत नाही.

प्रश्न: बचत गटातर्फे तीन पदरी मास्क शिवते. 36 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड 60 रुपये मीटर, इलॅस्टिक 4 रुपये मीटर, विकते 15 रुपयाला. दिवसभर शिवूनही हाती काही राहत नाही. शिवाय मशीन खालून धाग्याचा गुंता करतं. (एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, तुमची मेहनत कमी पडत नाही, पन्हा कमी पडतोय. एका पदराला 9 बाय 7 इंच कापड लागतं. 36 पन्ह्याचं कापड धुतल्यावर 35 इंचांच्या आतच भरतं. त्यात 7 इंचाच्या चार पट्ट्या आणि मीटरभर लांबीत 9 इंचाचे चार, असे 16 तुकडे निघतात. म्हणजे मीटरला पाचच मास्क आणि मास्कला कापडच 12 रुपयांचं. दोन बाजूंना सात-सात इंच इलॅस्टिक, ते दीड रुपयाचं. धागा-सुई आठ आणे धरा. 14 रुपये झाले, तुम्हाला राहिला एक रुपया.

44 पन्ह्याचं घ्या. धुतल्यावर ते 42 च्या पुढे भरतं, 7 इंचाच्या सहा पट्ट्या बसतात, कड शिलाईत जाते. चोवीस तुकडे, आठ मास्क. ते 70 रुपये मीटर पडलं तरी मास्कला पावणेनऊ रुपयांचं कापड होतं, सगळं मिळून पावणेअकरा. एकाच मास्कमागे एकाऐवजी सव्वाचार रुपये सुटले. कापड कापण्याआधी भिजवून वाळवाच. न भिजवता शिवलेला मास्क पहिल्या धुण्यात आखडतो, हनुवटी उघडी पडते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

गुंता खाली दिसतो म्हणून बॉबीनचा स्क्रू पिळू नका. दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. मशीनचा दाब (कापड दाबून धरणारा पाय) खाली असताना धागा ओवला तर तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसत नाही, सैल राहतो आणि खाली साठतो. दाब वर उचला, धागा पूर्ण काढून पुन्हा ओवा. मास्कच्या चुणीवर एका जागी नऊ पदर येतात. तिथे 14 नंबरची सुई वाकते, 16 नंबरची घाला आणि तेवढे चार टाके चाक हाताने फिरवून मारा. सुईखालची पट्टी काढून आतला कापूस रोज ब्रशने झाडा.

प्रश्न: साथीच्या भीतीने वर्कशॉपमध्ये ब्लीचिंग पावडरचं पाणी फवारलं. आठवड्यात पाने, व्हाइस, ड्रिलचे बिट सगळ्यांना गंज चढला. (एक वाचक, मिरज)

उत्तर: क्लोरीनचं पाणी लोखंडाला खातंच. ते फरशी, संडास यांसाठी ठेवा: लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम ताजी पावडर, साधारण एक टक्का होतं. त्यात फिनेल किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हत्यारांना 70 टक्के स्पिरिटने पुसणं पुरे, ठिणगीचं काम बंद असताना. चढलेला गंज रॉकेल आणि बारीक लोखंडी काथ्याने घासा, कोरडं करून मशीन ऑइलचा हात फिरवा. बिटच्या धारेवर काथ्या घासू नका. आणि खरं सांगायचं तर एकट्याने वापरायची हत्यारं रोज निर्जंतुक करायची गरज नाही. काम झाल्यावर साबणाने हात धुतले की झालं.

प्रश्न: लाइट गेली की मुलीचा ऑनलाइन वर्ग बुडतो. राउटर 12 व्होल्टचा आहे, जुन्या यूपीएसची बॅटरी लावली तर चालेल का? (एक वाचक, विटा)

उत्तर: चालेल. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी चांगली असेल तर सात-आठ तास सहज निघतात. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून तासभर नुसती ठेवा आणि मीटर लावा. 12.6 च्या वर असेल तर ठीक. 12 च्या खाली घसरली तर ती मेलेली आहे, पैसे घालू नका. अडॅप्टरवर छापलेलं चिन्ह पाहून पिनचा आतला भाग प्लस आहे ना, याची खात्री करा. उलटं जोडलं तर राउटर जळतो. प्लसच्या वायरीत बॅटरीच्या अगदी जवळ 2 अँपिअरचा फ्यूज आणि एक 1एन4007 डायोड घाला. डायोडमुळे सुमारे 0.7 व्होल्ट कमी होतो आणि उलट जोडणीपासूनही बचाव होतो.

चार्जिंग वेगळं करा: 13.8 व्होल्टचा, 0.7 अँपिअरच्या आतला चार्जर, बॅटरी राउटरपासून सोडवून. लाइट असताना राउटर त्याच्या अडॅप्टरवरच राहू द्या. पिन बदलताना राउटर दोन मिनिटं बंद पडेल, तेवढं बाईंना आधी सांगून ठेवा. बॅटरी साडेअकरा व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका आणि ती पलंगाखाली, कपड्यांत ठेवू नका.

प्रश्न: 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या घरोघर तपासणीच्या सरकारी मोहिमेतल्या ताईंच्या, बोटाला लावायच्या मशीनवर आईचं ऑक्सिजन 97 आलं, घरच्या मशीनवर 91. कोणतं खरं? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर: आईंना धाप लागत असेल, ओठ निळसर वाटत असतील तर आकड्यांचा घोळ घालत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. तसं नसेल तर हात चोळून गरम करा, नखावरची मेंदी वा नेलपॉलिश नसलेलं बोट निवडा, हात टेबलावर स्थिर ठेवा आणि आकडा अर्धा-एक मिनिट थांबल्यावरच वाचा. सेल बदला. घरातल्या धडधाकट माणसाच्या बोटाला तेच यंत्र लावा. तिथेही 91 दाखवलं तर दोष यंत्राचा. खालचा दुसरा आकडा नाडीचा असतो, तो वाचून घाबरणारे बरेच आहेत. नीट मोजूनही 94 किंवा कमी आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रात्र काढू नका.