कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधल्या तिन्ही मॉड्यूलमध्ये जॅक्सनचं (जावातली JSON हाताळायची लायब्ररी) व्हर्जन एकच कसं ठेवू? (मेव्हन, म्हणजे जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल; सांगली)

भावा, ऊसकाटा, बिलं, रिपोर्ट, तिन्ही पॉममध्ये (मेव्हनची pom.xml फाइल) तू व्हर्जन वेगवेगळं लिहिलंयस, घोळ तिथंच आहे. पॅरेंट पॉममध्ये (तिन्हींच्या वरचा सामायिक पॉम) डिपेंडन्सी मॅनेजमेंट (लायब्ररींची व्हर्जनं ठरवणारा भाग) टाक, त्यात जॅक्सनचा बॉम (त्याच्या सगळ्या भागांच्या जुळत्या व्हर्जनची यादी) इम्पोर्ट कर, टाइप पॉम आणि स्कोप इम्पोर्ट, आणि मॉड्यूलमधनं व्हर्जनची ओळच उडव, कारण ती राहिली तर तिथं तेच चालणार, पॅरेंटचं कोण ऐकत नाही. जार (लायब्ररीची फाइल) मात्र आपोआप येत नाही हां, मॉड्यूलमध्ये डिपेंडन्सी लिहायचीच. दुसऱ्या लायब्ररीच्या मागनं येणारं जॅक्सनपण यानंच ताळ्यावर येतं, नाहीतर मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात (कोण कुणाला ओढून आणतं ते) आपल्या मॉड्यूलला जवळचं असेल ते उचलतं, जुनं असलं तरी. गळीत हंगामाच्या आत कर, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागल्यावर नको. झालं की एमव्हीएन डिपेंडन्सी ट्री (mvn dependency:tree ही कमांड) चालवून आउटपुट इथं टाक, बघतो.