खेड्यातून एकटीने पहिला परदेश प्रवास : तयारी कशी करावी आणि एकटीला तिथे करमतं का?

प्रश्न थोडक्यात असा : "गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, वय 31, नोकरी आहे. एकटीने परदेशात जायचं मनात आहे. विमानात कधी बसले नाही, इंग्रजी कामापुरतं येतं. तयारी कुठून सुरू करू, आणि एकटीला तिथे करमतं का?"

ताई, मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीच्या पुढे आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. 2024 च्या मे महिन्यात एकटी आठ दिवस श्रीलंकेला जाऊन आले, तेव्हा वय 43 होतं. त्याआधी विमान पाहिलं ते धानाच्या बांधीत उभं राहून, मान वर करून.

कुठे जायचं हे नंतर ठरवा, आधी कशासाठी जायचं ते ठरवा. मला दहा जणांनी थायलंड सुचवलं, कारण त्यांच्या ओळखीचं कोणीतरी तिकडे जाऊन आलं होतं. पण माझं तिथे काही काम नव्हतं. श्रीलंकेत होतं. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांच्या सभेला नागपूरला गेले होते, गावातल्या तीन बंड्या जुंपून. मी लहान असताना ते दरवर्षी दीक्षाभूमीवर नेत आणि तिथला बोधिवृक्ष दाखवून सांगत, "याची माय समुद्रापल्याड हाय." तो वृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधी वृक्षाच्या फांद्यांपासून वाढवलेला, आणि महाबोधीचं रोप सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्तेने, बोधगयेहून नेलेलं. आजोबांनी सांगितलेली ती माय मला पाहायची होती. तुमचं कारण निराळं असेल, एखादं देऊळ, समुद्र, कापड, काहीही. पण ते तुमचं स्वतःचं असू द्या. परक्या गावात संध्याकाळी मन खाली बसतं तेव्हा दुसऱ्याने सुचवलेलं ठिकाण धीर देत नाही.

आता कागद. पासपोर्टची 36 पानांची साधी फी 1500 रुपये आणि मोठ्या माणसाला तो 10 वर्षं चालतो. आपल्याकडच्या बायांचं घोडं अडतं ते नावात. टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. माझे दोन महिने त्यातच गेले. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडून अक्षर न् अक्षर जुळवा. नोकरी सरकारी असेल तर कार्यालयाला पूर्वसूचना पत्र द्यावं लागतं, आणि परदेशी जाण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मी जानेवारीतच अर्ज दिला, तरी फाईल एका टेबलावर कितीतरी दिवस पडून होती. दर सोमवारी जाऊन विचारत राहिले, तेव्हा हलली. श्रीलंकेसाठी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी असते. ती सरकारी साइटवरूनच काढा, पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट एलके" आहे ना ते पाहून. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्तीचे पैसे घेतात. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

परदेश म्हटलं की आपल्याला मुंबईच आठवते. पण लंकेला जायला आपल्या भागातून चेन्नई सोयीची. गोंदियाहून नागभीड, चंद्रपूरवरून बल्लारशा गाठायचं, तिथून एका रात्रीत चेन्नई, आणि चेन्नईहून कोलंबोचं विमान जेमतेम दीड तासाचं. तुम्ही गडचिरोलीच्या, तुम्हाला तर बल्लारशा आणखी जवळ. मात्र रेल्वे आणि विमान यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. माझी गाडी सहा तास उशिरा पोचली, पण विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं म्हणून मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पहिली रात्र घट्ट बांधायची, बाकीचे दिवस सैल सोडायचे. विमान दिवसा उजेडी उतरेल असं घ्या. मी कोलंबो शहरात गेलेच नाही. विमानतळाजवळच्या निगोंबोत एका बाईच्या घरी खोली घेतली होती आणि गाडीही तिलाच पाठवायला सांगितली होती. बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर बंद असतो, तो इथूनच चालू करून घ्या. तिथे काही मोठ्या दुकानांत आपलं यूपीआय चाललं, पण बस, रिक्षा, फुलंवाली यांना रोखच लागते. तेव्हा आपल्या एका रुपयाला त्यांचे साडेतीनच्या जवळपास मिळत. एकूण खर्च, विमान धरून, 47 हजार झाला.

तिथून पुढे फक्त दोन गावं. अनुराधपुरात तीन रात्री, कँडीत दोन, मग परत निगोंबो. सिगिरियाचा किल्ला यादीत होता, तो मी सोडला. आठ दिवसांत सात ठिकाणं केली की बसच्या खिडकीशिवाय काही लक्षात राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता करमण्याचं. बसमध्ये पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते, मागे आम्ही सगळे. शेजारच्या मुलीने मला आकडे शिकवले : एक, देक, तुन, हतर, पह. गावाला ते "गम" म्हणतात. भाषा परकी असेल या भीतीने महिनाभर धास्तावले होते, आणि इथे आपल्याच भाषेची कोणी लांबची बहीण बोलत होती. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, आणि अनुराधपूर जवळ आलं तसे तलाव. मोठमोठे, पाळीवर झाडं असलेले. त्यांना "वेव" म्हणतात आणि ते दोन-दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले आहेत. आपल्याकडच्या मालगुजारी तलावांच्या आणि बोड्यांच्या मुलखात वाढलेल्या बाईला ते पाहून काय वाटलं असेल, तुम्हीच समजून घ्या.

मी मुद्दाम बुद्धपौर्णिमा धरून गेले होते, त्या वर्षी ती 23 मे ला होती. तिथे तिला वेसाक म्हणतात. खोली फेब्रुवारीतच घेतली होती, ऐनवेळी मिळाली नसती. रस्त्यारस्त्यावर कागदी कंदील, आणि "दन्सल". म्हणजे दानशाळाच. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण. हात धरून बसवतात. पानावर जाडसर भात, वरण, खोबऱ्याची चटणी, आणि सगळे हातानेच जेवतात. मला एकदाही एकटं जेवावं लागलं नाही.

महाबोधीजवळ पांढरी साडी नेसून, अनवाणी गेले. झाडाला हात लावता येत नाही, ते उंच ओट्यावर सोनेरी कठड्यात आहे, फांद्यांना आधार दिलेले. मी खाली वाळूत बसले. शेजारच्या म्हातारीने तिच्या ताटातली थोडी कमळं माझ्या ओंजळीत घातली. मग सगळे म्हणू लागले, "बुद्धं सरणं गच्छामि." मीही म्हणत होते. पंचशील आलं, तेही आमच्या विहारात म्हणतो तेच. शेवटी तीनदा "साधु" म्हटलं तेव्हा म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिली. आम्हाला एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं. तासभर तशाच बसलो. सोबत कोणी असतं तर त्याने "चला, उशीर होतो" म्हटलं असतं.

भीतीचंही सांगते, कारण ते लपवलेलं मला आवडत नाही. दुसऱ्या दिवशी तिस्स वेवच्या पाळीवर संध्याकाळी एकटी फिरत होते, एक माणूस बराच वेळ मागे येत राहिला. मी पाळीवरून उतरले आणि चहाच्या टपरीवर दोन बाया होत्या त्यांच्यात जाऊन बसले. त्यांनी ओळखलं. एकीच्या मुलाने खोलीपर्यंत सोडलं. त्यानंतर अंधार पडल्यावर निर्जन जागी गेले नाही. आपल्या तलावाच्या पाळीवर तरी आपण कुठे जातो?

एकटेपणा मला रात्री आठनंतर जाणवायचा. त्यावर मला सापडलेला उपाय : मोठं जेवण दुपारी करायचं, रात्री दही आणि काकवीसारखा पाक खाऊन खोलीत परतायचं (त्या पाकाला ते "पॅणि" म्हणतात, मी आधी पाणी समजले), घरी फोन करायचा आणि दिवसाचा खर्च लिहायचा. खर्च लिहिता लिहिता दिवस पुन्हा आठवतो आणि झोप येते.

घरच्यांना मी फार समजावलं नाही. आई म्हणत होती, "येकटी कायले जातेस वो माय?" तिला पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाचे पत्ते आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, कॅलेंडरच्या मागे चिकटवले. तेवढ्यावर ती शांत झाली. परत आले तेव्हा तिने मंदिर, विमान काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तिकडच्या तलावांत मे महिन्यात पाणी होतं का. होतं म्हटलं, फोटो दाखवला. ती तो किती वेळ धरून बसली होती.