तुमचे प्रश्न : नाळ, पठाण, उलांडी म्हणजे नक्की काय?

प्रश्न : माझे सासरे दिवाळे कोळीवाड्यातले. गप्पा मारताना नाळ, पठाण, वाक, उलांडी असले शब्द येतात, आम्ही नुसत्या माना डोलावतो. जरा समजावून सांगा ना. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना एकदा होडीशेजारी उभं करा, कारण हे शब्द कागदावर वाचून कळतात त्यापेक्षा हात लावून लवकर कळतात. होडीचं पुढचं टोक, जे पाणी कापत जातं, ती नाळ. नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लागतं ते तिथे. मागे पिछाडी, तिथे सुकाणू. खाली मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं जाड लाकूड म्हणजे पठाण, होडी बांधायला घेतली की पहिलं तेच मांडतात आणि बाकी सगळं त्याच्या जिवावर उभं राहतं. पठाणातून दोन्ही बाजूंना वर गेलेली वाकडी लाकडं म्हणजे वाक, त्याच्यावर फळ्या ठोकायच्या आणि फळ्यांच्या फटीत कापूस घालून राळ-तेल भरायचं. आता फायबरची होडी साच्यातूनच निघते, कापूस-राळेचं कामच उरलं नाही, मग नवीन पोरांना हे शब्द माहीत नसले तर त्यांना काय बोलायचं!

उलांडी मात्र आपल्या खाडीत सहसा दिसत नाही, त्यासाठी रत्नागिरी-मालवणकडे जा. अरुंद होडी लाटेवर कलंडू नये म्हणून एका बाजूला थोड्या अंतरावर हलक्या लाकडाचा ओंडका आडव्या काठ्यांनी बांधतात, ती उलांडी. होडी त्या बाजूला झुकायला लागली की ओंडका बुडायला तयार नसतो, आणि दुसऱ्या बाजूला झुकली की त्याचं वजन तिला खाली ओढतं. साधं पण जबरदस्त डोकं आहे.

आणि हो, नाखवा म्हणजे मालक, तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द चालतो तो. लहान होडीत दोघं एकच असतात बऱ्याचदा, त्यामुळे गोंधळ होतो.

प्रश्न : ठाण्यात तलावात वल्ह्याची होडी घेतली, ती जागच्या जागी गोल फिरत राहिली. शिवाय वल्हवणारा पाठ करून का बसतो? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : एकाच हाताचा जोर जास्त लागला असणार. उजवं वल्हं जोरात ओढलं की होडी डावीकडे वळते. आणि पाठ करून बसायचं कारण ओढण्यात आहे, समोर तोंड करून वल्हं ढकलायला नुसते हात कामाला येतात, उलटं बसून ओढलं की पाय आणि पाठ दोन्ही लागतात. पातं पाण्यात जवळजवळ अडकून राहतं आणि काठावरच्या खुंट्याला रेटून होडीच पुढे सरकते. म्हणून पातं पूर्ण बुडवा पण खोल नको, आणि मधेमधे मान वळवून बघा, नाहीतर दुसऱ्याच्या होडीला धडक ठरलेली!

प्रश्न : भांगाची भरती म्हणजे काय? (एक वाचक, विटावा)

उत्तर : अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही कमी, तो भांग. इंजिन नव्हतं तेव्हा हा फरक फार मोठा होता, कारण उधाणाच्या ओहोटीविरुद्ध वल्ही मारणं म्हणजे हात मोडून घेणं, त्यापेक्षा पाणी फिरेपर्यंत थांबलेलं परवडतं. भांगाला पाण्याला ओढ कमी, तेव्हा जमतं.

वेळ काढायचा जुना हिशोब पण सांगतो. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पुढची साधारण साडेबारा तासांनी. पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं, म्हणजे प्रतिपदेला पाऊण वाजता. हा हिशोब ढोबळ आहे हां, आणि खाडीत आत ठाण्याकडे पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा भरतं, तेवढं धरून चला.