म्योलर हरले, हे शेवटी लिही

चि. … हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला, सोबतचं पत्रही वाचलं. स्वीडनचे सोशल डेमोक्रॅट नेते गुस्ताव म्योलर पंतप्रधान झाले नाहीत, 1951 मध्ये सरकारातून बाहेर पडले, त्यांचा आजारपणाचा विमा अमलात आला नाही. मग अशा माणसावर प्रबंध कशाला, त्यापेक्षा पुढचे पंतप्रधान पाल्मे घेऊ का, असं तू विचारतेस. घेऊ नकोस. पाल्मेंवर लिहिणाऱ्यांना तोटा नाही. माणूस निवडण्यात तुझं काही चुकलेलं नाही. तू त्यांची कारकीर्द पदांच्या क्रमाने मांडलीस, तिथे गाडी घसरली. पक्षचिटणीस, समाजकल्याण मंत्री, व्यापार मंत्री, पुन्हा समाजकल्याण मंत्री, राजीनामा. असं मांडलं की म्योलर हरलेलेच दिसणार.

समाजकल्याण मंत्र्याची कारकीर्द खिडकीवर वाचायची असते. पैसे देणाऱ्या त्या खिडकीपाशी कोण उभं राहू शकलं, किती मिळाले, कधीपासून, आणि आधी काय सिद्ध करून दाखवावं लागलं? ही चार उत्तरं हाती नसतील तर भाषणांकडे वळूसुद्धा नकोस.

म्हणून आधी एक तक्ता कर. एका कायद्याला एक ओळ. रकाने असे: चौकशी समिती कधी नेमली, अहवाल कधी आला, विधेयक कधी मांडलं, रिक्सदागने, म्हणजे स्वीडनच्या संसदेने, कधी मंजूर केलं, अंमल कधीपासून, रक्कम, वयाची अट, उत्पन्नाची तपासणी होती की नाही, पैसा कुणाचा, वाटप कुणाकडे. मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख हे दोन रकाने कधीही एकत्र करू नकोस. तुझ्या मसुद्यात तेच झालंय. तू 1946 हे राष्ट्रीय पेन्शनचं वर्ष म्हणून दिलंस. मंजुरी 1946 ची, पण पेन्शन सुरू झालं 1 जानेवारी 1948 ला. आजारपणाच्या विम्याचा कायदाही 1946 मध्येच मंजूर झाला. तो पुढे ढकलत गेला आणि 1955 मध्ये अमलात आला तो वेगळाच कायदा, मिळकतीच्या प्रमाणात भत्ता देणारा. एकाच वर्षी, एकाच मंत्र्याचे दोन कायदे मंजूर झाले. एक खिडकीवर पोचला, दुसरा कागदावर राहिला. प्रबंधाचा कणा इथे आहे, आणि तू तो तळटीपेत टाकलास!

पेन्शनपाशी निवांत थांब. समितीने तीन पर्याय ठेवले होते. पहिल्यात सर्वांना थोडकी रक्कम आणि बाकीची गरज तपासून, तिसऱ्यात सर्वांना पूर्ण रक्कम आणि तपासणी नाही, दुसरा मधला. अर्थमंत्री एर्न्स्ट विगफोर्स खर्चाला बिचकत होते. म्योलर तिसऱ्यावर अडून बसले आणि तोच पास झाला. वय 67, एकट्या माणसाला वर्षाला 1000 क्रोनर, जोडप्याला 1600. घरभाड्याच्या पूरक मदतीला मात्र उत्पन्नाची तपासणी राहिली, हेही लिही, झाकू नकोस. उजव्या पक्षालाही तिसरा पर्याय चालत होता, कारण त्यात त्यांच्या मतदारांनाही पेन्शन मिळणार होतं. यामुळे म्योलर लहान होत नाहीत. ज्या योजनेत सगळ्यांचा वाटा असतो, तिच्यावर पुढे हात टाकायला कुणी सहजी धजत नाही.

तपासणीला एवढा विरोध का, हे तुझ्या पिढीला पटकन उमगत नाही. तपासणी असली की चार पैसे गाठीला बांधणाऱ्याचंच पेन्शन कमी होतं आणि काही न साठवणाऱ्याला पूर्ण मिळतं. शिवाय स्वीडनमध्ये जो कायमचा गरीब-मदतीवर असे, त्याला 1945 पर्यंत मताचा अधिकार नव्हता. मदत घ्यायची तर नागरिकत्वाचा तुकडा तोडून द्यायचा! हे वाक्य तक्त्याच्या वर लिहून ठेव, म्हणजे म्योलर हट्टी का होते हे दर वेळी समजावून सांगावं लागणार नाही.

बालभत्ता त्याच दिवशी, 1 जानेवारी 1948 ला सुरू झाला. सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला 260 क्रोनर, आणि ते आईच्या हाती. त्याआधी मुलांसाठी आयकरात वजावट होती. म्हणजे उत्पन्न जितकं मोठं तितका फायदा मोठा, आणि ज्याला करच लागत नाही त्याला शून्य. ही रक्कम आजच्या रुपयांत करून दाखवू नकोस, त्यातून काही कळत नाही. रद्द झालेली वजावट शेजारी मांड. त्याच पक्षातले विचारवंत मिरदाल दांपत्य, त्यांचा कल वस्तू आणि सेवा देण्याकडे होता, म्योलर रोख रकमेच्या बाजूचे. आईने पैसे कशावर खर्च करावेत हे अधिकाऱ्याने ठरवू नये, ही त्यांची भूमिका मला आजही सोळा आणे पटते.

बेकारीचं प्रकरण 1926 पासून धर, 1932 पासून नको. त्या वेळच्या नियमांनी बेकार माणसाला संप चालू असलेल्या ठिकाणीही कामाला पाठवता येत होतं, आणि नकार दिला की मदत बंद. स्ट्रिपा खाणीच्या अशाच वादात 1926 मध्ये पंतप्रधान सँडलर यांचं सरकार पडलं, आणि म्योलर त्यात मंत्री होते. हे धरलंस तरच 1933 चा शेतकरी पक्षाशी झालेला समझोता कळेल. सरकारी कामांवर खुल्या बाजारातली मजुरी मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, तेही कळेल. 1934 चा बेकारी विमा ऐच्छिक होता, निधी कामगार संघटनांचे आणि अनुदान सरकारचं. तडजोडीत अटी इतक्या आवळल्या गेल्या की सुरुवातीला फार थोडे निधी पुढे आले. 1941 मध्ये अटी सैल झाल्या. पुन्हा तेच: मंजूर कधी झाला ते पुरेसं नाही, खिडकीवर कोण आलं ते सांग. 1938 ची 12 दिवसांची भरपगारी रजा एका परिच्छेदात आटप, तिथे गुंता नाही.

म्योलर चुकले कुठे, हेही तक्ताच दाखवेल. आजारपणात सर्वांना सारखीच रक्कम, असा त्यांचा आग्रह होता. मजुरी वाढत गेली तशी बऱ्या पगाराच्या कामगाराला ती अपुरी पडणार होती. 1951 नंतर त्यांच्या जागी आलेल्या गुन्नार स्ट्रेंग यांनी दिशा बदलली आणि 1959 मध्ये मिळकतीशी जोडलेलं पूरक पेन्शन एका मताच्या फरकाने मंजूर झालं. मला म्योलरांचा वकील म्हणतात. खुशाल म्हणू देत. पण ते पूरक पेन्शन 1948 च्या पायावर चढवलेला मजला होता. पाया कुणी काढला नाही, आणि हे मी सांगायचं सोडणार नाही.

एर्लांडर यांच्या छापील रोजनिशीला तक्ता पुरा होईपर्यंत हात लावू नकोस. एर्लांडर आधी म्योलरांच्या खात्यात सचिव होते, आणि 1946 मध्ये पंतप्रधान हान्सन वारल्यावर पक्षाने त्या जागी म्योलरांऐवजी एर्लांडर यांनाच निवडलं. जिंकलेल्याची वही आधी वाचलीस तर हरलेल्याची कडवट तब्येतच लक्षात राहील. आधी सरकारी चौकशी अहवाल, त्यावर संस्थांनी कळवलेली मतं, विधेयक, समितीचा अभिप्राय, सभागृहातली चर्चा, या क्रमाने जा. 1970 पर्यंत रिक्सदागची दोन सभागृहं होती, तेव्हा दोन्हींचं कामकाज पाहा. एकच पाहून निष्कर्ष काढणारे प्रबंध फार झाले.

1946 ची नेतेनिवड शेवटच्या प्रकरणात घे, चार पानांपेक्षा जास्त नको. नवं प्रकरण आत्ता पाठवू नकोस. पेन्शन, बालभत्ता, आजारपण आणि बेकारी या चार ओळी भरून आधी तक्ता पाठव. एखादा रकाना भरता आला नाही तर कोरा सोड, अंदाजाने भरू नकोस.

तुझे,
काका